मंडळांचीं पाकपुस्तकें

इतिहासाचीं साधनें कोठें शोधावीं याविषयीं महाराष्ट्रांत पुष्कळ लिहून झालें आहे. राजवाड्यांनीं १८९८ मध्यें ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून वाड्यांचे माळे, देवळांतल्या पेट्या, कुळकर्ण्यांचीं दप्तरें आणि सावकारांच्या चोपड्या यांची झडती घेण्याची आपल्याकडे एक परंपराच पडली. परंतु संशोधक ज्या घराच्या माळ्यावर शिडी लावून चढत, त्याच घरांत, खालीं फळीवर, हिंगाच्या डबीशेजारीं एखादें तेलकट पुस्तक पडलेलें असे, त्याकडे सहसा कोणाची दृष्टि गेली नाहीं. असल्या पुस्तकांचा मला गेलीं कांहीं वर्षें नाद लागला आहे. त्यांत पाकशास्त्राचीं म्हणून जीं नांवाजलेलीं पुस्तकें आहेत त्यांच्यापेक्षां मला एका निराळ्याच जातीच्या पुस्तकांविषयीं अधिक कुतूहल वाटतें.

या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर ग्रंथकर्त्याचें नांव बहुधा नसतें. असलें तर तें मंडळाच्या नांवाखालीं बारीक टायपांत असतें. एखाद्या महिला मंडळास, ज्ञातीच्या स्त्रीसमाजास, शाळेस किंवा चर्चला इमारतीसाठीं, वाचनालयासाठीं, शिवणाच्या यंत्रांसाठीं पैसा हवा असतो. अशा वेळीं सभासद स्त्रियांकडून दोनचार पाककृती मागवावयाच्या, त्या एकत्र छापावयाच्या, पुस्तक सभासदांनींच आपापल्या नात्यागोत्यांत खपवावयाचें, आणि जो नफा उरेल तो निधींत टाकावयाचा. व्यवहार दिसतो साधा. पण धंद्याच्या दृष्टीनें तो अत्यंत चतुर आहे. मजकुरास एक पैसा पडत नाहीं. छपाईचा खर्च गांवांतले वाणी, कापडवाले, भांड्यांचे दुकानदार आणि सोनार यांच्या जाहिरातींतून बराचसा निघतो. आणि जिची बेसनाची वडी सतराव्या पानावर तिच्या नांवानिशीं छापली गेली, ती बाई एका प्रतीवर थोडीच थांबणार? माहेरीं एक, नणंदेस एक, लग्न ठरलेल्या भाचीस एक, अशा पांचसहा प्रती ती घेणारच. पुस्तक छापण्यापूर्वींच त्याचें गिऱ्हाईक ठरलेलें असतें. पुस्तकविक्रीच्या शास्त्रांत इतकी निर्धास्त योजना मला दुसरी ठाऊक नाहीं.

या योजनेचें मूळ अमेरिकेंतील यादवी युद्धांत सांगतात. १८६४ सालीं फिलाडेल्फिया शहरीं जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठीं निधि जमविण्यास एक मोठी जत्रा भरली होती. त्या कार्यासाठीं मारिया मॉस या बाईंनीं ‘अ पोएटिकल कुक-बुक’ नांवाचें पुस्तक काढलें. त्यांतील पुष्कळशा कृतींना पद्यांची जोड आहे, आणि त्या वाचून पदार्थ किती जणांस साधले असतील याची मला शंकाच आहे. परंतु युक्ति लागू पडली. युद्ध संपल्यावर तीच युक्ति विधवांसाठीं, अनाथांसाठीं, मग चर्चच्या छपरासाठीं, दवाखान्याच्या खाटांसाठीं गांवोगांवच्या स्त्रियांनीं उचलली. याचें कारणही उघड आहे. विवाहित स्त्रीनें स्वतःच्या नांवें देणगी देणें ज्या काळांत अवघड होतें, त्या काळांत तिच्याजवळ देण्यासारखी एक वस्तु निर्विवाद तिची होती. ती म्हणजे तिच्या हातची रीत. ती दिल्यानें नवऱ्याच्या पेटींतलें कांहीं उणें होत नव्हतें.

फिलाडेल्फियाचें नांव मराठी वाचकांस अनोळखी नाहीं. आनंदीबाई जोशी याच शहरीं वैद्यकीची पदवी घेत असतां, १८८६ मध्यें, त्या समारंभासाठीं पंडिता रमाबाई तेथें गेल्या. आणि पुढच्याच वर्षीं त्याच शहरांत त्यांचें ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हें इंग्रजी पुस्तक निघालें. विधवांसाठीं काढावयाच्या शाळेस पैसा उभा करणें हा त्या पुस्तकाच्या विक्रीचा उघड हेतु होता. १८८७ च्या डिसेंबरांत बोस्टन येथें त्यांच्या नांवाची मंडळी स्थापन झाली, तिनें दहा वर्षें खर्च चालविण्याचें पत्करलें, आणि १८८९ च्या मार्चमध्यें मुंबईस शारदा सदन उघडलें. त्याच वर्षीं रमाबाईंनीं अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठींत जें प्रवासवृत्त लिहिलें, त्यांत तेथील स्त्रियांच्या मंडळ्या कशा चालतात हें त्यांनीं मोठ्या आस्थेनें सांगितलें आहे. रमाबाईंचें पुस्तक पाककृतींचें नव्हतें हें खरें. परंतु स्त्रीनें लिहिलेलें, स्त्रियांनीं खपविलेलें, आणि स्त्रियांच्या संस्थेसाठीं विकलेलें पुस्तक या अर्थानें पाहिलें, तर मराठी स्त्रीचा या प्रथेशीं संबंध रसचंद्रिकेच्याही अर्ध्या शतकापूर्वीं आला होता, असें म्हणण्यास हरकत नाहीं. रसचंद्रिकेकडे मी पुढें येतोंच.

माझ्या जालन्याचाही या अमेरिकेशीं एक धागा आहे. एकोणिसाव्या शतकांत येथें इंग्रजी छावणी होती. तिच्या आसऱ्यानें नव्हे, तर जवळच स्वतंत्र वसविलेल्या बेथेल या खेड्यांत रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं ख्रिस्ती कुटुंबांची वसाहत केली. १८७३ मध्यें न्यू यॉर्कच्या धर्मपरिषदेंत पागोटें घातलेल्या या मराठी गृहस्थाचें भाषण झालें, आणि बेथेलच्या कामासाठीं त्यांनीं परदेशांतून साहाय्य मागितलें. अमेरिकेंतील चर्चच्या स्त्रिया जत्रा भरवून आणि पाकपुस्तकें विकून निधि जमवीत तो हाच काळ. जालन्याजवळच्या विहिरी आणि घरें यांस परदेशांतील मदतीचा हातभार लागला. त्या मदतींतले कांहीं डॉलर कोणा बाईच्या केकच्या कृतीवर मिळविलेले असावेत, ही केवळ माझी कल्पना. पण ती मला सोडवत नाहीं.

आतां मराठीकडे वळूं. पाकशास्त्र आपल्याकडे जुनें आहे, परंतु तें राजाचें किंवा पंडिताचें आहे. बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें ‘मानसोल्लास’ रचला. ही कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यांतील बसवकल्याण; आमच्या मराठवाड्याच्या अगदीं उंबऱ्यावर. त्यांतील मंडक, वटक, घारिका हीं नांवें वाचतांना मांडे, वडे आणि घारगे यांची ओळख पटण्यास कोशाची गरज लागत नाहीं. सतराव्या शतकांत रघुनाथ गणेश नवहस्त यांनीं ‘भोजनकुतूहल’ लिहिलें. हे नवहस्त तंजावरच्या दीपाबाई राणीच्या आश्रयास होते आणि त्यांचा समर्थ रामदासांशीं संबंध होता, हें भांडारकर संस्थेच्या परशुराम कृष्ण गोडे यांनीं कागदपत्रांवरून दाखवून दिलें. समर्थ मूळचे जांबचे, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यांतलेच. गोडे यांच्याविषयीं येथें एक वाक्य अधिक लिहितों. जिलबीचा इतिहास लिहिण्यांत आपल्या विद्वत्तेस कमीपणा येतो असें ज्यांस वाटलें नाहीं, अशा मोजक्या पंडितांपैकीं ते एक होते. पुढें दुर्गाबाई भागवतांनीं ‘खमंग’ लिहून हीच वाट अधिक रसाळ केली.

छापील मराठींत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ चें. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० चें. पहिलें पुरुषानें लिहिलें, दुसरें स्त्रीनें. मधल्या पस्तीस वर्षांत काय घडलें तें या एवढ्या फरकांतच दिसून येतें. परंतु दोन्ही एकेका व्यक्तीचीं पुस्तकें. मंडळाच्या नांवानें निघालेलें आणि घराघरांत पोंचलेलें मराठी पुस्तक पाहावयाचें तर ‘रसचंद्रिका’ हातीं घ्यावी लागते. मुंबईच्या सारस्वत महिला समाजानें ती १९४३ मध्यें प्रसिद्ध केली. अंबाबाई संशी यांनीं ती लिहिली. परंतु लोकांच्या तोंडीं ती समाजाची रसचंद्रिका म्हणूनच राहिली.

या पुस्तकांत मला दोन गोष्टी फार बोलक्या वाटतात. चित्रापूर सारस्वतांच्या घरांत बोलणें कोंकणी. पुस्तक मात्र मराठींत. जिभेची भाषा एक आणि छापखान्याची दुसरी! अंबट, घश्शी, पत्रोडे, तंबळी हीं नांवें मराठी वाक्यांत पाहुण्यासारखीं बसलेलीं दिसतात, आणि तरीही घर त्यांचेंच असतें. दुसरी गोष्ट सालाची. १९४३ च्या मे महिन्यांत मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झालें. त्याच वर्षीं बंगाल्यांत दुष्काळानें माणसें मरत होतीं. अशा वर्षीं कारवारकडून, कानड्याकडून मुंबईच्या चाळींत आणि वसाहतींत आलेल्या कुटुंबांतील स्त्रियांनीं आपल्या आज्यांच्या रीती कागदावर उतरवून ठेवाव्या, हा मला योगायोग वाटत नाहीं. भरल्या घरांत कृती लिहून ठेवण्याची निकड कोणास भासत नाहीं. सासू चुलीपाशीं उभी असतेच. गांव सुटलें, सासू गांवींच राहिली, तांदूळ मोजून मिळूं लागला, म्हणजे मग लेखणी आठवते. पाककृतींच्या जोडीला सणवारांची माहिती आणि घरगुती औषधें या पुस्तकांत आलीं आहेत, तींही याच कारणानें. पुढें त्याचा इंग्रजी अनुवाद झाला. म्हणजे नातींना मराठीही दूरची झाली. मुंबईंतच पारशी स्त्रियांच्या टाइम अँड टॅलेंट्स क्लबानें धर्मादाय कार्यासाठीं इंग्रजींत आपलें पाकपुस्तक काढलें, त्याची जातकुळी हीच.

मोठ्या पुस्तकांच्या मागोमाग लहान मंडळांच्या पुस्तिका असतात. चाळीस पानांच्या, पिनांनीं टांचलेल्या. त्यांवर पुष्कळदां सन नसतो. मग काळ ठरवावयाचा कसा? नाणेशास्त्रज्ञ नाण्याच्या धातूवरून ठरवितो तसा येथें मापांवरून ठरवितां येतो. शेर, अदपाव, छटाक आणि तोळे असले, तर पुस्तक सामान्यतः १९६० च्या पूर्वींचें. दशमान वजनें १९५८ पासून टप्प्याटप्प्यानें आलीं. किंमत आण्यांत असली तर १९५७ च्या पूर्वींचें, नये पैसे असले तर त्यानंतरचें. डालड्याचा उल्लेख असला तर १९३७ च्या अलीकडचें, कारण त्या सालापूर्वीं तें नांवच बाजारांत नव्हतें. आणि ‘तीन शिट्ट्या होऊं द्याव्या’ असें वाक्य आलें कीं ओळखावें, पुस्तक १९५९ नंतरचें आहे. प्रेशर कुकर आपल्याकडे त्या सुमारास तयार होऊं लागले. आमच्या बाजूस आणखी दोन खुणा आहेत. निजामी मुलखांतील पुस्तकावर किंमत ‘हाली’ कीं ‘कलदार’ हें लिहावें लागे, कारण सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार असा भाव असे. आणि सन फसली असला तर त्यांत ५९० मिळवावे लागतात.

जाहिरातींचीं पानें बहुतेक लोक उलटून टाकतात. मी तीं आधीं वाचतों. कोणत्या पेठेंत तुपाची दुकानें होतीं, कोणता सोनार ‘एकच भाव’ म्हणे, छापखान्याच्या शेजारीं कोणाची खाणावळ होती, हें दुसऱ्या कोणत्याही ग्रंथांत मिळावयाचें नाहीं. तसेंच समासांतील पेन्सिलीचें. ‘गूळ कमी’, ‘आमच्याकडे आवडलें नाहीं’, ‘ताईच्या डोहाळजेवणास केलें’ असे शेरे ज्या प्रतींत आहेत, ती प्रत कोऱ्या करकरीत प्रतीहून दसपट मोलाची. परदेशांतील संग्राहक डाग नसलेल्या प्रतींस अधिक दाम देतात असें ऐकतों. मला त्यांची ही आवड कळत नाहीं. हळदीचा डाग ज्या पानावर पडला आहे तेंच पान खरोखर वाचलें गेलें, याहून निश्चित पुरावा तो कोणता?

परंतु या पुस्तकांविषयीं भाबडी भक्तीही उपयोगाची नाहीं. ‘समाज’ या शब्दाचे मराठींत दोन अर्थ आहेत, आणि हीं पुस्तकें बहुधा त्यांतील अरुंद अर्थानें समाजाचीं आहेत. एका ज्ञातीच्या, त्यांतही खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांचें जेवण त्यांत असतें. यादींतील नांवें ‘सौ.’ पासून सुरू होऊन नवऱ्याच्या आडनांवापाशीं संपतात. कधीं कधीं बाईचें स्वतःचें नांव अजिबात येत नाहीं. ज्या घरीं आचारी होता तेथें कृति आचाऱ्याची आणि नांव मालकिणीचें, हें किती वेळां झालें असेल त्याची गणती कोण करणार? जी सोंवळ्यांतली विधवा आत्या पन्नास माणसांचा स्वयंपाक पहाटेपासून एकटी रांधीत असे आणि स्वतः एकभुक्त राहत असे, तिच्या हातचा लाडू पुस्तकांत येतो. तिचें स्वतःचें ताट येत नाहीं. भांडीं घासणारीच्या घरची भाकरी तर दूरच राहिली. इतिहासकारानें हीं पुस्तकें वाचावीं तीं जितकीं छापलेल्या मजकुरासाठीं, तितकींच या मोकळ्या जागांसाठीं.

आणि सर्वांत मोठी मोकळी जागा माझ्या स्वतःच्या मुलखाची आहे. माझ्या कपाटांत मुंबई आहे, पुणें आहे, बडोदें आहे, जालना नाहीं. कारणें शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत जालना हैदराबाद संस्थानांत होता. कचेरीची भाषा उर्दू. वरच्या शिक्षणाची भाषा, १९१८ मध्यें उस्मानिया विद्यापीठ निघाल्यापासून, तीच. मराठी शाळा थोड्या, मुलींच्या त्याहून थोड्या, आणि मराठी छापखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आगगाडी १९०० च्या सुमारास आली, तीही प्रथम कापसाच्या गांठी वाहण्यास उपयोगी पडली. इंग्रजी मुलखांत १८६७ च्या कायद्यानें छापील पुस्तकांची नोंद सरकारांत होऊं लागली आणि मुंबई इलाख्याच्या त्रैमासिक याद्यांमुळें चार आण्यांच्या पुस्तिकेचाही माग लागूं शकतो. निजामी मुलूख त्या यादीच्या बाहेर. पुढें १९५६ मध्यें आम्ही मुंबई राज्यांत आलों, १९६० मध्यें महाराष्ट्रांत, आणि १ मे १९८१ रोजीं जालना स्वतंत्र जिल्हा झाला. पण तोंवर ‘रुचिरा’ निघून गेली होती. कमलाबाई ओगल्यांचें हें पुस्तक १९७० मध्यें आलें आणि मराठी घरांत असें कांहीं बसलें कीं, नव्या नवरीस दुसरें पुस्तक देण्याचें कारणच उरलें नाहीं. मला त्या पुस्तकाविषयीं आदर आहे. परंतु सांगलीकडच्या हाताची चव सबंध महाराष्ट्राची चव होऊन बसली, आणि ज्यांच्या रीती अद्याप कागदावर आल्याच नव्हत्या त्यांना त्या लिहून काढण्याची गरज वाटेनाशी झाली, हा त्या यशाचा दुसरा भाग आहे.

बियाण्यांचें आणि लोखंडी सळयांचें गांव म्हणून आज जालना देशभर ओळखला जातो. येथल्या ज्वारीच्या हुरड्याचें, धपाट्यांचें, शेंगोळ्यांचें, अंबाडीच्या भाजीचें छापील दप्तर मात्र नाहीं. जें आहे तें वह्यांत. शाळकरी चौकटींच्या, हिशेबाच्या लांबट, लग्नांत आलेल्या आहेराची यादी पुढच्या पानांवर आणि पाककृती मागच्या पानांवर, अशा या वह्या घर बदलतांना किंवा म्हातारी गेल्यावर तेराव्या दिवसानंतर रद्दींत जातात. रद्दीवाला त्या किलोवर घेतो. वर्तमानपत्रापेक्षां त्यांचा भाव कमी, कारण पाठकोरा कागद नसतो. दोनतीन महिला बचत गटांपुढें मीं मंडळाच्या पुस्तकाची जुनी कल्पना मांडून पाहिली. त्यांना ती पटली. पण त्यांचा प्रश्न असा कीं, कृती छापून दिल्यावर मग आमचा मसाला विकत कोण घेणार? ज्ञान हें देण्याचें धन आहे कीं विकण्याचें, हा वाद सुखवस्तु मंडळांच्या काळीं उद्भवला नव्हता. माझ्याजवळ त्याचें उत्तर नव्हतें, आणि त्या बायांनीं तें ताबडतोब ओळखलें.

एक वही सध्यां माझ्यासमोर आहे. अंबडकडच्या एका शेतकरी घरची. तींत लग्नाच्या आमटीसाठीं लागणाऱ्या येसराची कृति आहे. येसर म्हणजे भाजलेलें धान्य, डाळ आणि मसाला एकत्र दळून केलेलें पीठ. शेंदोनशें पानांच्या आमटीस अंग येतें तें त्यानें. धान्य पायलींत दिलें आहे, डाळ मापट्यांत, धणे चिपट्यांत. घरांतील सुनेनें मला विचारलें, याचे किलो किती होतील? पायली चार शेरांची, शेर दोन मापट्यांचा, मापटें दोन चिपट्यांचें, इतकें मीं सांगितलें. पण हीं सारीं भरून मोजण्याचीं मापें आहेत, वजनाचीं नव्हेत. ज्वारीची पायली आणि धण्यांची पायली तराजूंत घातली तर सारखीं भरणार नाहींत, आणि पायलीही तालुक्यागणिक निराळी असे. त्यांच्या घरीं जुनी लांकडी पायली अद्याप आहे. तिनें मोजून मग तोलावें असें आमचें ठरलें, आणि धान्यापुरतें तें काम परवां पुरें झालें. वहींतल्या कृतीच्या शेवटच्या ओळींत मात्र ‘काळा मसाला, नेहमींप्रमाणें’ एवढेंच लिहिलें आहे. लिहिणारी बाई आठ वर्षांपूर्वीं वारली. तिची धाकटी जाऊ परतूरला मुलीकडे असते, वय ऐंशींच्या पुढें, ऐकूं कमी येतें. येत्या रविवारीं आम्ही तिच्याकडे जाणार आहोंत.